सासूबाईंचा भाडेकरू

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. बाकीच्या नवांची शांत करता येते, दहाव्याची येत नाही, असा जुन्या लोकांचा अनुभव. पण हाच दहावा ग्रह सासूला न कळवता सासूचा भाडेकरू झाला तर काय करायचं, हे कुठल्याच पंचांगात दिलेलं नाही. काकासाहेब सरांची सगळी पंचाईत तिथेच झाली.

सर जालन्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. 'करनियोजन आणि करचुकवेगिरी यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न ते मुलांना दर वर्षी हमखास म्हणून सांगायचे आणि तो दर वर्षी हमखास यायचा, कारण पेपर तेच काढायचे. पाचवा वेतन आयोग लागला आणि पगार वाढला तेव्हा सरांनी गल्लीत पेढे वाटले. मार्चमध्ये त्याच पगारातून कर कापला गेला तेव्हा वाटलेले पेढे परत मागावेत असं त्यांच्या मनात येऊन गेलं. बोलले नाहीत, पण शेजाऱ्यांकडे दोन दिवस त्या नजरेनं बघत होते.

मग कुणीतरी रामकिसनचं नाव सांगितलं. रामकिसन म्हणजे जुना जालन्यात धान्याच्या आडतीवर, माडीवर, कराची कामं करणारा माणूस. वकील नव्हता, सीए नव्हता, पण दोघांपेक्षा जास्त आत्मविश्वास बाळगून होता. खाली ज्वारीची पोती, वर रामकिसन. जिना चढेपर्यंत सरांना तीन शिंका आल्या.

"सर, घर कोणाचं हाय?" रामकिसननं पहिलाच प्रश्न टाकला.

"माझंच."

"घरपट्टी कोणाच्या नावानं येते?"

इथं सर खाली बघायला लागले. त्याचं असं होतं, की घराखालचा प्लॉट सासूबाईंनी दिलेला. गोजरबाई म्हणजे केदारखेड्याच्या बागायतदारीण. नवरा लवकर गेला, पण बाईनं शेती अशी राखली की पुरुषांनी बांधावर उभं राहून सल्ला विचारावा. एका चांगल्या वर्षी कापूस विकून त्यांनी जालन्यात प्लॉट घेतला आणि एकुलत्या लेकीला, म्हणजे कौसल्याला, चोळी-बांगडीत देऊन टाकला. "रजिस्ट्री करून घ्या जावईबापू, म्या अंगठा द्यायला कव्हाबी येते," असं दहा वेळा सांगितलं. सरांनी त्यावर घर बांधलं, वास्तुशांत केली, गावजेवण घातलं, पण रजिस्ट्री काही केली नाही. स्टॅंपचा खर्च. यंदा नाही केला तर यंदाचा वाचला, असा सरांचा अर्थशास्त्रीय विचार होता. त्यामुळे नगरपालिकेच्या दफ्तरात प्लॉटही गोजरबाईंचा आणि घरही गोजरबाईंचं.

रामकिसननं हे ऐकलं आणि टाळीच वाजवली.

"मंग सर, तुम्ही तर भाड्यानं राहून राह्यलेत! सासूला भाडं देता म्हणा. घरभाड्याची सूट मिळते. पावत्या मी करून देतो. बिलकुल कायद्यात."

"आणि भाडं?"

"भाडं कागदावर द्यायचं. घरातला पैसा घरात."

"पण पावतीवर त्यांची सही..."

"सही करतात का अंगठा?"

"अंगठा."

"मंग तर लईच बरं," रामकिसन म्हणाला. सरांनी पुढं काही विचारलं नाही. रामकिसनच्या स्वतःच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली त्यांना दिसली होती, पण शिकलेल्या माणसानं काय बघावं आणि काय बघू नये याचाही एक अभ्यासक्रम असतो.

तर अशा रीतीनं प्राध्यापक काकासाहेब आपल्या सासूचे भाडेकरू झाले. वाचलेल्या पैशातून सोफासेट आला. मरून रंगाचा, लाकडी हातांचा, आणि बसलं की कुरकुरणारा.

सोफा बघायला पहिले आले तातेराव. हे इतिहासाचे प्राध्यापक, सरांच्या शेजारीच राहायचे, आणि दोघांची जानी दोस्ती. तातेरावांनी सोफ्यावर दोनदा बसून बघितलं, चहा घेतला आणि सरळ विचारलं, "काकासाहेब, पगार तर आपला सारखाच. मंग हे कुठून?"

सरांना गुपित पोटात ठेवायची सवय नव्हती. चहा संपेपर्यंत सगळं सांगून झालं. पुढच्या मार्चला तातेराव भाडेकरू झाले. त्याच्या पुढच्या मार्चला स्टाफरूममध्ये स्वतःच्या घरात राहणारा माणूस उरला नाही. ग्रंथपाल, मराठीवाले, गणितवाले, सगळे आपापल्या सासवांच्या आश्रयाला गेले. मधल्या सुट्टीत चर्चाही तशाच व्हायला लागल्या.

"तुमच्या सासूबाईंनी यंदा भाडं वाढवलं का हो?"

"वाढवलं ना! महागाई काय कमी हाय का?"

आणि भाडं वाढल्याचा एवढा आनंद जगातल्या कुठल्या भाडेकरूंना झाला नसेल. गणितवाल्यांची सासू तर वारून पाच वर्षं झाली होती. त्या घरात तिचं वर्षाचं श्राद्ध आणि तिचं भाडं, दोन्ही वेळच्या वेळी होत होतं. या सगळ्या उद्योगात सर म्हणजे मूळ पुरुष. त्यांच्याकडे लोक आदरानं बघायचे. रामकिसनच्या माडीवर गर्दी एवढी वाढली, की घाईघाईत त्यानं रसायनशास्त्राच्या नव्या लेक्चररलाही सासूचा भाडेकरू करून टाकलं. तो पोरगा बिनलग्नाचा होता. पण तोही गप्प राहिला. लग्नाचा योग येईल तेव्हा येईल, सासूचं घर तर आधी मिळालं, असा त्यानं विचार केला असावा.

तोच पोरगा सगळ्यांना नडला. तीन-चार वर्षांनी कर कार्यालयात नवे साहेब आले. त्यांनी सहज म्हणून कागद चाळले आणि त्यांना प्रश्न पडला, की बायको नसलेल्या माणसाला सासू कुठून आली? त्यांनी शेजारचा कागद बघितला. तिथं सासू. त्याच्या शेजारचा बघितला. तिथंही सासू. साहेबांनी मग सगळ्या कॉलेजची जुनी वर्षं एकदम उघडली. कर भरा, वर्षावर्षाचं व्याज भरा, नाहीतर घरमालकिणीला समोर आणा.

नोटिसा एकाच दिवशी आल्या. पोस्टमननं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सगळ्यांना एकच लॉटरी लागली का सर?"

स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. सगळे सरांकडे बघत होते. जे काल मूळ पुरुष होते ते आज मूळव्याध झाले. तातेराव म्हणाले, "काकासाहेब, आम्ही इतिहासवाले. आम्हाला मागचं कळतं, पुढचं न्हाई. तुम्ही अर्थशास्त्राचे, म्हणून डोळे झाकून तुमच्या मागं आल्तो."

"माझ्या मागं या असं मी म्हटलं होतं का?" सर दुखावून म्हणाले.

"सोफा दाखवला ना तुम्ही!" तातेराव कडाडले.

सगळी फौज रामकिसनच्या माडीवर गेली. रामकिसन मात्र शांत. "घाबरून काय राह्यले सर? सगळ्यांत मजबूत केस तुमची. घरपट्टी खरोखर सासूच्या नावावर हाय. तुमची सुनावणी मी पहिली लावून घेतो. मावशीला घेऊन या. साहेबानं इचारलं, का जावई भाडं देतात का, तर 'हाव, देतात' एवढंच म्हणायचं. तुमचं जमलं, का सगळ्यांचं जमलं."

झालं! सगळ्या स्टाफरूमची मान गोजरबाईंच्या दोन शब्दांवर येऊन अडकली. आणि ते दोन शब्द त्या बाईच्या तोंडून काढणं म्हणजे काय, हे एकट्या सरांना माहीत होतं.

कारण गोजरबाई लेकीच्या घरचं पाणीही पीत नव्हत्या. आता ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. नातवंड झालं की सुटते. गोजरबाईंची सुटली नाही. त्यांचं म्हणणं, लेक दिली, वर प्लॉट दिला, आता दिलेल्यातलं खायचं म्हणजे दान परत घेणं. जालन्याला आल्या तरी घरची भाकरी, घरचा ठेचा आणि कॅनमध्ये केदारखेड्याच्या विहिरीचं पाणी. जालन्यात तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे स्वतःचं पाणी घेऊन येणारा पाहुणा बघून गल्ली हेवा करायची. "अशी सासू सगळ्यांना मिळो," म्हणायची. पण कौसल्याचा जीव तुटायचा. वीस-बावीस वर्षं संसार केला, शंभर माणसांचा स्वयंपाक केला, पण जन्मदात्या माईला एक कप चहा करून देता आला नाही. माय आली की ती उगीचच भांडी आपटायची.

आणि अशा बाईनं सरकारी साहेबासमोर सांगायचं, की मी लेकीकडून भाडं खाते!

सर रविवारी केदारखेड्याला गेले. एसटीत बसताना त्यांनी ठरवलं होतं, पोहोचल्या पोहोचल्या सांगून टाकायचं. पोहोचल्या पोहोचल्या पाय धुवायला गरम पाणी आलं. मग पाट आला. मग पुरणाची पोळी आली आणि तिच्यावर तुपाची धार. सरांनी सासूबाईंना "मामी, एक विषय होता," म्हणून तोंड उघडलं, की ताटात आणखी एक पोळी पडायची. चौथ्या पोळीनंतर माणसाला खरं बोलण्याची ताकद राहत नाही. त्यात जावई आले म्हणून गावातली चार माणसं बघायला आलेली. गोजरबाई डोक्यावरचा पदर सावरून दाराआडून सांगत होत्या, "माझ्या जावयानं लग्नात एक रुपयाबी मागितला न्हाई. परफेसर हाय, पन लेकीच्या माईच्या पैशाला हात लावणारा न्हाई." सरांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

शेवटी निघताना ते एवढंच म्हणाले, "मामी, जालन्याला एका ऑफिसात यावं लागतं. घराच्या कागदाचं काम हाय."

"रजिस्ट्रीचं का? लई दिसांनी आठवण झाली जावईबापूंना. येते की."

सरांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मान अशी हलवली, की तिचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं घ्यावा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी गोजरबाई आल्या. भाकरी, ठेचा, पाण्याचा कॅन, सगळा जामानिमा. नेहमीसारख्या पायरीवर बसून जेवल्या. मरून रंगाच्या सोफ्याकडे त्यांनी बघितलं, पण बसल्या नाहीत. सर मनाशी वाक्यं जुळवत होते. चहानंतर सांगू, बातम्यांनंतर सांगू. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला आणि दारात रामकिसन. मावशींची तयारी करून घ्यायला आला होता. उत्साही माणूस किती घात करतो बघा.

"मावशी, उद्या साहेब इचारल, जावई भाडं देतात का? तुम्ही म्हणायचं, हाव, बराबर देतात. म्हणून दाखवा बरं एकदा."

"कशाचं भाडं?" गोजरबाईंनी विचारलं.

"या घराचं."

"कोणाला?"

"तुम्हाला, मावशी!"

स्वयंपाकघरातून कौसल्या बाहेर आली, हातात लाटणं तसंच. रामकिसननं लाटण्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि "मी गाडी चालूच ठेवली होती," असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

गोजरबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. "लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाई मी जावईबापू. आन् तुम्ही मला भाडं खाऊ घातलं?"

"कागदावर, मामी. नुसतं कागदावर."

"कागदावर खाल्लेलं काय पोटात जात न्हाई?"

कौसल्या रडायलाच लागली. "माझ्या हातचा घोटभर चहा माईनं घ्यावा म्हणून मी इतकी वर्सं झुरले. आणि तुम्ही तिला माझ्या घरचा पैसा खाणारी करून टाकली? या खुर्च्यांसाठी?" तिनं सोफ्यावर लाटणं हाणलं. सोफा कुरकुरला. सरांना आयुष्यात पहिल्यांदा त्या सोफ्याची किळस आली, आणि स्वतःचीही आली.

"राहू द्या मामी," ते म्हणाले. "उद्या येऊ नका. मी भरतो कर."

"बलावलंय तर येते. काय बोलायचं ते माझं मी बघीन," गोजरबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

सकाळी रिक्षात सासू-जावई एक शब्द बोलले नाहीत. कर कार्यालयाच्या व्हरांड्यात सगळी स्टाफरूम हजर होती. मराठीवाले स्तोत्र पुटपुटत होते. बिनलग्नाचा पोरगा खांबामागं लपला होता. तातेरावांनी पुढं होऊन गोजरबाईंना हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, आमचं सगळ्यांचं तुमच्या हातात हाय." गोजरबाईंनी पदर सावरला आणि आत गेल्या.

साहेब तरुण होते, बोलण्यावरून इकडचेच कुठले तरी. त्यांनी खुर्ची दिली, शिपायाकडून पाणी मागवलं. गोजरबाई गटागटा प्यायल्या. सरकारचं पाणी त्यांना चालत होतं.

"आजी, हे तुमचे कोण?"

"जावई."

"हे म्हणतात, तुम्हाला दर महिन्याला घरभाडं देतात. देतात का?"

सरांनी डोळे मिटले. बाहेर व्हरांड्यात खोकणारे खोकायचे थांबले. गोजरबाईंनी साहेबांकडे बघितलं.

"लेकरा, तुझी माय हाय का?"

"आहे आजी."

"बहीण?"

"आहे. परतूरला दिली."

"तुझी माय तिच्या घरी जाऊन पाणी पिते का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नाही पीत," ते म्हणाले.

"मंग मला काय इचारतो?"

साहेब आधी हसले आणि मग हसू लपवायला त्यांनी कागद तोंडासमोर धरला. व्हरांड्यात कुणीतरी "गेलं!" म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"पन एक सांगते," गोजरबाई म्हणाल्या. "जावई लबाड न्हाई माझा. शहाणा हाय, जरा जास्तीचा."

"ते दिसतंच आहे," साहेब म्हणाले. "सर, कर आणि व्याज भरावं लागेल. सगळ्यांनाच. निमूटपणे भरत असाल तर दंडाचं बघू."

"भरतो," सर म्हणाले. अर्थशास्त्रातला इतका छोटा सिद्धांत त्यांनी आजवर मांडला नव्हता.

गोजरबाई उठता उठता थांबल्या. "आन् लेकरा, ते घर माझं हाय असं कोनाला वाटू नये. लेकीचं हाय ते. जागा चोळी-बांगडीत दिली म्या."

साहेबांनी कागद उलटसुलट केले. "नाही आजी. घर तुमचंच आहे. दानाची नोंदच झालेली नाही."

"म्या तर कव्हाच दिलं!"

"तोंडानं दिलं असेल. रजिस्ट्री झाल्याशिवाय दान होत नाही. आज या घडीलासुद्धा मालकीण तुम्हीच."

गोजरबाईंनी सावकाश मान वळवली. "जावईबापू, रजिस्ट्री न्हाई केली म्हणून दानच झालं न्हाई?"

"राहून गेलं मामी," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "स्टॅंपचा खर्च..."

परतीच्या रिक्षात सरांना सकाळची शांतता बरी वाटायला लागली. एकतर भाडं खाऊ घातलं, वर दान अडवून धरलं. आता बाई केदारखेड्याला जाऊन काय सांगतील? लेक घेऊन जातील का? त्यांनी मनातल्या मनात स्टॅंपचा खर्च, कर आणि व्याज यांची बेरीज करायला घेतली आणि गांधी चमनचा चौक येईपर्यंत सोडून दिली.

फाटकाशी रिक्षा थांबली. गोजरबाई उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. घराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे हे घर अजून माझंच हाय."

"हाव मामी. पण उद्याच्या उद्या रजिस्ट्री करतो. उसने घेईन, पण करतो."

"खबरदार!" गोजरबाई म्हणाल्या. "उद्या न्हाई, परवा न्हाई. माझे डोळे मिटल्यावर करा काय करायची ती."

"असं का मामी?" सर पार घाबरले.

"आवो, इतकं शिकले तुम्ही, आन् येवढं कळंना? लेकीच्या घरचं मी खात न्हाई. पन हे लेकीचं घर हाय कुठं? माझ्या घरात मला खायला-प्यायला कोनाची चोरी हाय?"

गोजरबाई पायरीवर थांबल्या नाहीत. चपला काढल्या, थेट आत गेल्या, सोफ्यावर मधोमध बसल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "कौसे, चहा टाक गं."

आतलं भांड्यांचं आपटणं थांबलं. कौसल्या दारात आली. "कोणाला?" तिनं विचारलं.

"मला. मंग कोनाला?"

कौसल्यानं माईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं हळूच मान हलवली. ती आत पळाली. आत स्टोव्ह पेटला, काहीतरी सांडलं, पुन्हा काहीतरी सांडलं, आणि मधेच तिचा नाक ओढल्याचा आवाज आला. फाटकाशी तातेराव आणि दोघेतिघे भांडायला म्हणून येऊन उभे होते. आत बघून त्यांनीही फाटक हळूच लावून घेतलं. सरांना आता कराचं काहीच वाटत नव्हतं. उलट आयुष्यभर एवढ्या खटपटी केल्या, त्यात ही एकच रजिस्ट्री न करण्याची खटपट कामी आली, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला. ते सोफ्याच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले.

कौसल्यानं दोन्ही हातांनी कपबशी पुढं केली. गोजरबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि एक मोठा घोट घेतला. कौसल्या पदराचं टोक तोंडात धरून बघत होती.

"साखर कमी हाय," गोजरबाई म्हणाल्या.

कौसल्या रडता रडता हसायला लागली, आणि घरमालकिणीचीच तक्रार म्हटल्यावर काकासाहेब सर उठले आणि साखरेचा डबा आणायला आत गेले.